अनुभव धागा : आठवी तार, कूलर आणि 'कॅच थर्टीथ्री'

आठतारी (महाल)

मंडळी, मेशुगा या स्वीडिश मेटल बँडच्या 'कॅच थर्टीथ्री'ला वीस वर्षं होऊन गेली. अल्बम आला मे २००५ मध्ये. माझ्या हाती लागला पुढच्या उन्हाळ्यात, नागपुरात बर्डीवरून मित्राने आणलेल्या एमपीथ्री सीडीतून. फायलींच्या नावांत क्रमांक नव्हते, त्यामुळे प्लेअर गाणी एबीसीडीच्या क्रमाने वाजवायचा. पहिलं 'ऑटोनॉमी लॉस्ट', ते योगायोगाने बरोबर. लगेच पाठोपाठ 'डीह्यूमनायझेशन', जे खरं तर बारावं. ४७ मिनिटांची एकच सलग रचना, तिचे तेरा तुकडे नुसते खुणेपुरते, असा हा अल्बम. आणि मी तो वर्षभर असा पत्ते पिसल्यासारखा ऐकला. वर दर गाण्यानंतर प्लेअर दोन सेकंद थांबायचा. मला वाटायचं, बँडच तिथे श्वास घेतो.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात पुतण्याने विचारलं, "काका, हे वाजवायला त्यांच्यासारखी आठ तारांचीच गिटार पाहिजे का?" मी तासभर बोललो, मधे दोनदा चहा झाला, पण उत्तर काही देता आलं नाही. त्याच्याकडे सहा तारांची साधी गिटार आहे आणि खिशात फारसं काही नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. या अल्बमच्या, किंवा असल्याच एखाद्या डोकं फिरवणाऱ्या मेटल अल्बमच्या नादाला लागून तुम्ही काय घेतलं, काय विकलं, काय बिघडवलं, ते लिहा. नुसती सामानाची यादी नको. ती दुकानातही मिळते.

ढिलीतार (त्रिमूर्तीनगर)

बिघडवण्यापासून सुरू करतो. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वस्तातली, तारा ९-४२ च्या, म्हणजे अगदी पातळ. मी सरळ सहावी तार पिळत पिळत ई या सुरावरून खाली मेशुगाच्या एफ पर्यंत उतरवली. आवाज आला तो कपडे वाळत घालायच्या दोरीचा. पिकअपवर, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकावर, तार आपटायची, ट्यूनर तर कुठला सूर तेच ओळखेना.

गणित नंतर कळलं. तार तीच आणि लांबी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. साधी सहावी ई तार ८२.४ हर्ट्झला वाजते, मेशुगाची आठवी एफ ४३.६५ ला. भागाकार करून वर्ग केला की कळतं, ताण उरला २८ टक्के. म्हणून तार जाड लागते आणि लांबीही जास्त लागते. साधी गिटार साडेपंचवीस इंचांची, आठ तारांची बहुतेक २७ किंवा त्याहून लांब. अकरावी-बारावीला सोनोमीटरचं प्रॅक्टिकल मी मित्राच्या जर्नलमधून उतरवलं होतं, त्याचा हा भुर्दंड.

आठतारी (महाल)

@ढिलीतार, तू एकटा नाहीस. मेशुगाच्या २००२ च्या 'नथिंग' अल्बमच्या वेळी आठ तारांच्या गिटारी वेळेवर धड तयार झाल्या नाहीत, म्हणून या लोकांनी सात तारांच्याच गिटारी खाली उतरवून रेकॉर्डिंग केलं. सूर टिकवताना त्यांचीही दमछाक झाली. २००६ मध्ये गिटारी आठ तारांवर पुन्हा वाजवून अल्बम नव्याने काढला. आपल्याला ती सोय नाही.

जवारी (इतवारी)

माझा अनुभव दुकानाच्या पायरीवरचा आहे. मी ०.०७४ इंच जाडीची सुटी तार मागवली आणि सहा तारांच्या गिटारवर सहाव्या जागी लावायला बसलो. मानेच्या टोकाच्या पट्टीला नट म्हणतात, त्याच्या खाचेत ती बसेना, खुंटीच्या भोकातून तर जाईचना. गिटार दुरुस्त करणाऱ्यांनी "नवीन गिटार घ्या" सांगून वाटेला लावलं. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या एका हार्मोनियम-सितार दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे गेलो.

त्यांनी आधी तार बोटावर तोलली. म्हणाले, "खरजाची आहे. पण ही तर खरजाचीही आजी." मग बारीक कानशीने खाच रुंद करत बसले, दर दोन-तीन घासांनी तार ठेवून बघत. मी घाई केली तर म्हणाले, "लाकूड, हाड काढता येतं बाबू, परत घालता येत नाही." तार चढली, मी छेडली, ती फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, झणझणली. मी म्हटलं, आजोबा, हे बझ होतंय. ते खूश! "जवारी आहे की! तंबोऱ्याला यासाठीच तर आम्ही तासन्‌तास घासतो." आम्हाला हा दोष आहे, काढून टाकायचाय, हे त्यांना पटवायला वेळ लागला. काढून दिला त्यांनी, पण नाराजीनेच. "जिवंत तार मारली" म्हणाले.

सितारवाले पैसे घेत नव्हते, मी संत्राबर्फी देऊन आलो. एक सूचना, जी त्यांनी दिली आणि मी तेव्हापासून पाळतो : जाड तार कापायच्या आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवायची, मगच कापायची. नाहीतर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि तार कायमची मुकी होते.

खर्जातला (जरीपटका)

मी बेस वाजवतो. बेसची सर्वांत खालची ई ४१.२ हर्ट्झ. तुमची आठवी तार ४३.६५. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त अर्ध्या सुराने वर. मग मी स्टेजवर काय करायचं, पाणी वाटायचं का? आमच्या गिटारवाल्याने आठतारी घेतली त्या महिन्यात मी बँड सोडला. माझ्याकडून एवढंच.

कूलरसमोर (मानेवाडा)

माझ्या घरात मी, आई आणि डेझर्ट कूलर. पीजी करताना साठवलेल्या स्टायपेंडमधून सेकंडहँड आठतारी घेतली, तीही मार्चच्या शेवटी. घेताना गिटारची मान सरळ होती. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी झाली की फ्रेटची टोकं बाहेर आली, हात वरखाली केला की अंगठ्याला ओरखडे. मग कूलर सुरू झाला. आठ-दहा दिवस वाळ्याचा ओला वारा खाऊन फ्रेटबोर्ड फुगला, मान मागे गेली, पहिल्या तीन फ्रेटवर नुसती खरखर. मी मानेच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक सांभाळणारी सळई, सैल केला. जुलैत पाऊस आला, परत केला. ऑक्टोबरात पुन्हा उलटा. या शहरात गिटारवाल्याला चार ऋतू ॲलन कीने मोजता येतात. आता गिटार केसमध्ये, केस कपाटात, कपाट कूलरच्या विरुद्ध भिंतीला. आई म्हणते, दागिन्यांना एवढं जपलं नाहीस.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. याच अल्बममधल्या 'शेड'चा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, रेकॉर्ड करत होते. दर वेळी ऐकताना खाली कुणीतरी आणखी एक सूर धरून बसलेलं, माझ्या सुराशी किंचित भांडणारा. तार बदलली, पिकअपची उंची बदलली, स्वतःच्या कानांवर शंका घेतली. शेवटी काहीच न वाजवता रेकॉर्ड केलं, तर तो सूर तिथे होताच. घराला अर्थिंग धड नाही, आणि विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. एफ ला लावलेल्या आठव्या तारेचा दुसरा फ्रेट ४९, तिसरा ५१.९. म्हणजे महावितरणची वीज माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे राहते! सहा तारांच्या गिटारवर ही गुणगुण सगळ्या सुरांच्या खाली पडून असते, म्हणून खपून जाते. आठतारीवर ती शेजारीण होते.

अर्थिंग करून घेतलं. नॉइज गेट लावला, म्हणजे आवाज बारीक झाला की तो बंद करणारा डबा. गेटने शांतता मिळते, पण फक्त तुम्ही वाजवत नसताना. वाजवताना गुणगुण तुमच्या आडून आत येतेच, हे गेट विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

तर्रीपोहे (नंदनवन)

आमचं तं स्टेजवरच वाजलं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये चढलो. दोन आठतारी, त्यातली एक उधार. साऊंडवाला भाऊ लग्नातल्या डीजेचा माणूस. त्याले आधीच सांगतलं का खालचा आवाज लय येईन. त्यानं मान हलवली. पहिल्या रिफले दोन्ही बेसचे डबे असे फडफडले का समोरच्या रांगेतले प्राध्यापक उठून मागं गेले. भाऊनं काय करावं? गिटारीचा खालचा आवाज पूर्ण कापला! आता आठव्या तारेतून फक्त टिक टिक टिक ऐकू येऊन राहिलं, जसा टाईपरायटर. पोट्टे खालून ओरडून राहिले, "बे, चालू करा ना!" आम्ही तं वाजवूनच राहिलो होतो.

उतरल्यावर मी भांडायले गेलो. तो थंडपणे म्हणे, "दादा, तुमचा गेन, म्हणजे आवाज फाडायचं बटण, एवढा आहे का त्यात सूर कुठं, मातीच हाय नुसती." मले राग आला तेव्हा. घरी येऊन त्याचं आईकलं. गेन अर्ध्याच्या खाली आणला, समोर ओव्हरड्राइव्हचं पेडल लावलं, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. एकदम रिफ दिसाले लागला, एकेक ठोका सुटा. मेशुगानं हा अल्बम लाइन ६ कंपनीच्या व्हेटा या डिजिटल ॲम्पमधून वाजवला, मोठ्या कॅबिनेटची भिंत उभी करून नाई, हे वाचलं तेव्हा तं मी त्या डीजेवाल्या भाऊले मनात नमस्कार केला.

संघमित्रा (अजनी)

मेशुगा माझा प्रांत नाही, पण धागाकर्त्याने "असल्याच अल्बम"ची मुभा दिलीय म्हणून. माझं डोकं 'सेंट अँगर'ने फिरवलं, २००३. मेटालिका, आणि एकही सोलो नाही! गिटारी ड्रॉप सी ला, म्हणजे सर्वांत जाड तार सी पर्यंत उतरवलेली, बेस निर्मात्याने म्हणजे बॉब रॉकने वाजवलेला, आणि स्नेअर या ड्रमच्या खालच्या तारा ढिल्या सोडल्यामुळे येणारा तो डब्याचा आवाज. होस्टेलमध्ये आम्ही तेलाच्या रिकाम्या पिंपावर हुबेहूब वाजवायचो. तेव्हा शिव्या घातल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये बंगलोरला पॅलेस ग्राउंडवर त्यांना ऐकायला संघमित्रा एक्सप्रेसने गेलो, जाताना बर्थ नव्हता, येताना आवाज नव्हता. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत पोटात गोळा. आज 'सेंट अँगर' परत ऐकतो तर तो डबाच आवडतो. सोलोची मात्र अजूनही वाट बघतो.

आठतारी (महाल)

@संघमित्रा, पिंपाचा किस्सा चालेल. पण डब्याची तुलना मेशुगाच्या ड्रमशी कुणी करू नका, धागा पेटेल.

बाबांचा ठेका (रेशीमबाग)

पेटू दे, मी काडी टाकतो. 'कॅच थर्टीथ्री'वरचे ड्रम माणसाने वाजवलेले नाहीत. प्रोग्राम केलेले आहेत. आवाज बँडचा ड्रमर तोमास हाके याच्याच ड्रमचे, 'ड्रमकिट फ्रॉम हेल' या संगणकावरच्या आवाजसंग्रहातले, पण ठोके संगणकावर मांडलेले.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझे बाबा भजनी मंडळात तबला वाजवतात, चाळीस वर्षं. मी खोलीत रिफ मोजत होतो आणि दर वेळी भलतीकडेच पोचत होतो. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तू गिटार मोजतोयस. झांज मोज." मोजली. झांज सरळ चालली होती, एक-दोन-तीन-चार, जणू तिला शेजारच्या भांडणाशी देणंघेणं नाही. "बघ," बाबा म्हणाले, "सगळ्यांत शहाणा झांजवाला."

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर दाण्यांचे ढीग मांडले. समजा रिफ २३ सोळांशांचा आहे (सोळांश म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग). चार-चारच्या आठ आवर्तनांत १२८ सोळांश बसतात. २३ पाचदा म्हणजे ११५, उरले १३. तिथे रिफ मधेच कापायचा आणि सगळ्यांनी मिळून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, यायचं. बाबांना यात नवल काहीच वाटलं नाही. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, बसवताना हेच करतो, म्हणाले. फक्त त्यांच्याकडे वाट बघायला लावून समेवर आल्यावर लोक "वाह" म्हणतात, आणि इकडे कुणी हसतसुद्धा नाही.

ड्रम संगणकाचे आहेत हे कळल्यावर मी जरा बिचकतच त्यांना सांगितलं. वाटलं, नाक मुरडतील. ते विचार करून म्हणाले, "म्हणजे बंदिश लिहिली, पण गायला माणूस नव्हता." दोन दिवसांनी परत, "पुढे कुणी गायली का?" मी 'ऑबझेन' लावला, २००८ चा, त्यावर हाके स्वतः वाजवतो. 'ब्लीड' सुरू झालं आणि बाबांनी चष्मा काढून ठेवला. हे ते फक्त फार चांगलं किंवा फार वाईट काही ऐकताना करतात. दोन्हींपैकी कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

एक राहिलं. 'कॅच थर्टीथ्री'च्या शेवटच्या तुकड्याचं नाव इंग्रजीत 'सम', म्हणजे बेरीज. मी वहीत गाण्यांची नावं मराठीत लिहून ठेवली होती. बाबांनी यादी वरून खाली वाचली आणि शेवटी बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, यांनासुद्धा ठाऊक आहे कुठे यायचं ते."

ढिलीतार (त्रिमूर्तीनगर)

वहीचा फोटो पाहिजे.

आठतारी (महाल)

पुतण्याला सगळा धागा वाचायला दिला. त्याने आठतारीचा हट्ट सोडला, ०.०७४ ची तार मागवली, आणि आज दुपारी मी ऑफिसात असताना स्वतःच लावायला बसला. वाकवली नाही. सरळ कापली. वेटोळं पार पिकअपपर्यंत सुटलं आहे. @जवारी, ते इतवारीचे आजोबा रविवारी असतात का? आणि कुणाकडे एक सुटी तार असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.