वारली चित्र हातचं की छापलेलं, हात लावून कळतं का?

भिंतवेडी:
हॉलसाठी वारली घ्यायचंय. प्रदर्शनात दोन बघितली, दोन्ही गेरूच्या रंगाच्या कापडावर, दोन्हीत तारपा नाच (तारपा वाद्याभोवती गोल धरून नाचतात तो), साईजपण सेम, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट आणि विकणारा म्हणतो दोन्ही हॅन्डमेड. महागाच्यावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, पांढरी रेघ उठून आलेली, दुसरं एकदम गुळगुळीत. फोटोत मात्र दोन्ही सारखीच दिसतात. ही खरखर नक्की कशाची असते, आणि तेवढ्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

डहाणूकडचा:
खरखर शेणाची. कुडाच्या भिंतीला शेणमातीने सारवून वर गेरू देतात ना, तसाच कापडालाही आधी शेणाचा हात देतात. शेणातले गवताचे बारीक तंतू राहतात आणि रेघ त्यांच्यावरून जाते. पांढरा म्हणजे तांदळाचं पीठ, कापडावर धरावं म्हणून त्यात डिंक. काढायची बांबूच्या काडीने, टोक चावून चावून त्याचा ब्रश करायचा. त्या काडीत रंग फार राहत नाही, सारखी बुडवावी लागते, त्यामुळे रेघ सुरुवातीला भरलेली आणि शेवटाला सुकी, मधून गेरू डोकावतो. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा, लगेच कळेल. आणि नाचातली माणसं एकेक करून बघा, दोन त्रिकोण जिथे टेकतात ती कंबर प्रत्येकाची वेगळी यायला पाहिजे. सगळ्या कंबरा हुबेहूब एकसारख्या असतील तर सरळ निघून या :)

कागद_शाई:
थोडा विरोध करतो. उठून लागतं म्हणजे हातचं असं नाही हो, स्क्रीन प्रिंटमध्ये जाड शाई वापरली की तीपण बोटाला लागते. आणि गुळगुळीत म्हणजे छापील असंही नाही, बरेच आदिवासी कलाकार आता साध्या कापडावर अॅक्रिलिक नाहीतर पोस्टर कलरने काढतात, ते काय खोटं? वारलीतले नावाजलेले कलाकार जिव्या सोमा म्हसे कागदावर काढायला लागले ते १९७० च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णींनी प्रोत्साहन दिल्यावर. त्याआधी हे भिंतीवरचं काम, लग्नाचा चौक म्हणजे चौकोनी चित्र, मधे पालघट देवी, तो सुवासिनी काढायच्या आणि तो कायमचा टिकावा अशी अपेक्षाच नसायची. म्हणजे तेव्हा कागदच नवीन होता, पण म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळालीच ना. कंबरेचं मात्र पटलं, ती टेस्ट दोन्हीला चालते.

भिंतवेडी:
ओके म्हणजे स्वस्तवालंपण हातचं असू शकतं. अजून काय बघू?

डहाणूकडचा:
उलटं करा. शेणाचं असेल तर मागे डाग झिरपलेले दिसतात. आणि कोणी काढलं, कुठल्या पाड्यावरचं ते विचारा, विकणारा नावच सांगत नसेल तर चौपट कशाला द्यायचे? दोन्ही हातची निघाली तर मी शेणाचंच घेईन, पण ती माझी आवड.

कागद_शाई:
शेणाचं घेतलंत तर घडी घालू नका, पांढरा तडकतो, गुंडाळून आणा. फ्रेमवाल्याला सांगा काच चित्राला चिकटता कामा नये, मधे माउंट (जाड कागदाची चौकट) टाक. आणि ओलं फडकं अजिबात नाही, डिंक पाण्याने सुटतो.