बाबांनी रिफंडच्या लिंकवर पॅन-आधार भरलं, आता काय काय बंद करू?

दहिसरची_सरी
बाबा 71 वर्षांचे, रिटर्न दरवर्षी वेळेत भरणारे. काल मेसेज आला, '18,240 रुपयांचा परतावा मंजूर, खाते क्रमांक तपासा', खाली लिंक. रिफंडची खरंच वाट बघत होते, त्यामुळे शंका आली नाही. पॅन, आधार, डेबिट कार्ड सगळं भरलं. ओटीपी आला तेव्हा चष्मा सापडेना म्हणून मला हाक मारली, तेवढ्यावर निभावलं. कार्ड लगेच ब्लॉक केलं. पण पॅन-आधारचं काय? कुणी निस्तरलंय का हे?

खारट_शेंगदाणा
आधी त्या चष्म्याला हार घाला.
पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला 1930 ला फोन. आताही सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा. उद्या काही उपटलं तर हाताशी कागद हवा.

मुलुंडचा_म्हातारा
पॅन काही कार्डासारखं ब्लॉक होत नाही, त्यावर डोळा ठेवावा लागतो. माझ्या पॅनवर कुणीतरी लोन अ‍ॅपवरून कर्ज उचललं होतं. कळलं कधी, तर घराच्या कर्जाला बँकेने नाही म्हटल्यावर! भाड्याच्या घरासाठी एजंटला दिलेल्या झेरॉक्सवर माझा संशय आहे, सिद्ध काही करता आलं नाही. सिबिलकडे, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे तक्रार, पोलिसांत अर्ज, बँकेत खेटे. नाव साफ व्हायला पाच महिने गेले.
सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, अशा नोंदी ठेवणाऱ्या या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी तीन-तीन महिन्यांनी एकेकाचा काढतो. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे ठशावर पैसे काढता येणार नाहीत. आणि झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आकडेमोड
रिटर्न भरून देण्याचंच काम करतो म्हणून सांगतो. रिफंड हा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या बँक खात्यातच येतो. त्यासाठी कार्डाचा नंबर कुणी मागत असेल तर तो चोर, विषय संपला.
पोर्टलचा पासवर्ड बदला आणि एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची आयकर खात्याकडे असलेली नोंद, उघडून बघा. न मिळालेला पगार किंवा व्याज तिथे दिसलं, तर पॅन कुणीतरी वापरतंय. तिथल्या तिथे हरकत नोंदवता येते. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून शोधा, बाबांच्या नावावर एखादी फर्म निघायची!
उलटंही होतं बरं का. आमच्याकडे एका काकांनी खरी नोटीस फ्रॉड समजून डिलीट केली आणि मुदत चुकवली. 1 ऑक्टोबर 2019 पासून आयकर खात्याच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र नंबर असतो. तो पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता तपासता येतो. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

गिरगावची_मावशी
सरी, बाबांना ओरडू नकोस गं. आमच्याकडे ओरडलो, तर पुढच्या वेळी त्यांनी सांगितलंच नाही.
संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावरची सिमं दिसतात, तेही बघ.

दहिसरची_सरी
मावशी, उशीर झाला, काल ओरडून झालं. आज सॉरी म्हटलं.
एआयएस स्वच्छ आहे, जीएसटीत काही नाही. बायोमेट्रिक लॉक केले. सिबिलचा रिपोर्ट आज रात्री काढते. संचार साथीवर तीन नंबर निघाले, घरात सिमं दोनच. तिसऱ्यावर 'माझा नंबर नाही' अशी तक्रार टाकलीय. बाबा म्हणतात, हा कालचा नसणार, स्टेशनबाहेर छत्रीखाली सिम घेतलं होतं तेव्हाचा असेल.