४५ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी: घरी केलेल्या स्किमरमध्ये फेस वर चढत नाही

खारंपाणी
टाकीत पाण्याची उंची ३० सेंमी, विशिष्ट गुरुत्व १.०२५. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं साधन) म्हणून कोपऱ्यात ५० मिमी व्यासाचा, ४५ सेंमी लांब पीव्हीसी पाइप उभा केलाय. खालच्या टोकाला भोकं, आत साधा एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र खडा), वर प्लास्टिकच्या बरणीचा कप. बुडबुडे भरपूर येतात, पण फेस दोन बोटं चढून फुटतो. मोठा एअर पंप घ्यावा का?

प्रवाळवेडा
पंपाचं नंतर बघू, आधी स्टोन बदला. पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटते. तेवढ्याच हवेचे बारीक बुडबुडे केले तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो, शिवाय ते सावकाश वर येतात. त्यासाठी लाकडी (लाइमवुड) स्टोन लावा. त्याला दाब जास्त लागतो. तुमचा पंप तेवढा दाब देत नसेल तरच नवीन घ्या. लाकडाची छिद्रं बुजतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी स्टोन बदलायचाच.

दुसरं, तुमच्या पाइपात तेच ते पाणी घुसळतंय. पाणी वरून आत यायला हवं आणि तळातून बाहेर जायला हवं, म्हणजे ते बुडबुड्यांच्या उलट दिशेने वाहतं आणि संपर्क जास्त वेळ राहतो. पातळीच्या ३-४ सेंमी खाली ८ मिमीची सहा-आठ भोकं पाडा. खालची भोकं बंद करून तिथे एल्बो (काटकोनी जोड) लावा आणि त्यातून २० मिमीचा पाइप बाहेरच्या बाजूने पृष्ठभागापर्यंत न्या. या बारीक पाइपात तळाशी हवेची वेगळी नळी सोडा, तीच पाणी उचलेल.

तिसरी चूक उंचीची. पाण्याच्या वर १५ सेंमी रुंद पाइप चढणं फेसाला झेपत नाही. पातळीच्या ३-४ सेंमी वर कापा आणि रिड्यूसर (रुंद पाइपाला अरुंद पाइप जोडणारा तुकडा) लावून ३२ मिमीची छोटी मान करा. मग अख्खा स्किमर थोडा थोडा वर-खाली करून बघा. कपात पातळ पाणी आलं तर वर घ्या, काहीच आलं नाही तर खाली. बाष्पीभवनाने टाकीची पातळी उतरली की हे गणित बिघडतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी घालून ती जागेवर आणा.

नळजोडणी
वरच्यात भर: पीव्हीसीला सिलिकॉन नीट धरत नाही, सॉल्व्हंट सिमेंटच वापरा. २४ तास सुकू द्या, मग साध्या पाण्यात भिजवून धुवा. पितळी व्हॉल्व्ह किंवा तांब्याचा कुठलाही तुकडा नको. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ सगळ्यांना मारतं. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी पंपात उतरतं. नवीन पाइप पहिले काही दिवस फेस धरत नाही, तेवढ्यात उंची बदलत बसू नका. तेलकट खाद्य घातलं तरी फेस तात्पुरता बसतो.

समुद्रतळ
माझं मत थोडं वेगळं आहे. ४५ लिटरला स्किमर हा जोड आहे, पाया नाही. सच्छिद्र लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेला समुद्री खडक), दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदल आणि दोन-तीन दिवसांनी बदललेला फिल्टर फ्लॉस (घाण गाळणारा कापसासारखा थर), एवढ्यावर मोजके मासे असलेली टाकी चांगली चालते. फ्लॉस आठवडाभर ठेवला तर अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते.

खारंपाणी
बाहेर जाणाऱ्या पाइपातून बारीक बुडबुडे टाकीत येऊ नयेत म्हणून तोंडाला स्पंज लावू का?

प्रवाळवेडा
नको. स्पंज तुंबतो आणि प्रवाह मंदावतो. लाकडी स्टोन एल्बोच्या तोंडापेक्षा ४-५ सेंमी वर टांगा, म्हणजे बुडबुडे खाली ओढले जात नाहीत. बाहेरच्या पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवा. तिथले मोठे बुडबुडे हवेतच फुटतील. तुषारांमुळे कडेला मीठ साचतं, ते ओल्या फडक्याने पुसत राहा.