मदत हवी आहे : गाडीच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक स्वतः बसवायचेत, 60 मिमी जाडीचे घेऊ की 80 चे?

टूलरूमवाला :

नमस्कार मंडळी. घर नाशिकला, मखमलाबादला. फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीची वाट 32 फूट लांब, 11 फूट रुंद, म्हणजे 352 चौरस फूट. सध्या नुसती माती. या बाजूला पूर्वी द्राक्षबागा होत्या, तेव्हा माती कसली असेल ते सांगायला नको. पावसाळाभर गाडी बाहेर रस्त्यावर आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला पावशेर चिखल.

काम स्वतः करायचं ठरवलंय. गवंडी शोधला नाही असं नाही. पण सिंहस्थाची कामं निघाल्यापासून तो दोन दिवस येतो आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. खरं सांगायचं तर हौसही आहे. अंबडला टूलरूममध्ये दिवसभर मायक्रॉन मोजतो, एकदा इंचातलं काम करून बघायचंय. सोबतीला मेव्हणा शनिवार-रविवार येणार आहे. जेवणाच्या वेळेला तरी नक्की येईल.

वाटेवरून जाणार एक सात सीटर गाडी, दोन दुचाक्या आणि उन्हाळ्यात चार-पाच वेळा पाण्याचा टँकर.

तीन ठिकाणी ब्लॉक बघून आलो. एकाकडे चकचकीत, रबर मोल्डचे, रंग एकदम झकास. दुसऱ्याकडे हायड्रोलिक प्रेसचे, करडे, खरखरीत, विटेच्या आकाराचे. तिसऱ्याकडे तसेच, पण तांबडे आणि स्वस्त. बायकोला तांबडे आवडले. आबा म्हणतात, शहाबादी टाका आणि मोकळे व्हा. दर इथे लिहीत नाही. एकाने गाडीभाडं धरून सांगितलाय, एकाने सोडून, आणि जीएसटीचं नाव काढलं की तिघेही चहा मागवतात.

विचारायचंय ते असं. 60 मिमी पुरेल की 80 च घेऊ? रबर मोल्डचे घ्यावेत का? खाली पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) लागते का? आणि एक वेगळीच अडचण आहे. आमच्या गल्लीचा रस्ता मागच्या वर्षी काँक्रीटचा झाला, तो आता फाटकापाशी आमच्या जमिनीपेक्षा 4 इंच वर आहे. मग उतार काढायचा कुठे? मेअखेर काम उरकायचंय.

सिडकोकर :

दादा, टँकर नसता तर 60 बिनधास्त घ्या म्हणालो असतो. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस 15658 च्या 2006 च्या तक्त्यात, हलक्या रहदारीला 60 मिमी आणि एम-35 (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), मध्यम रहदारीला 80 मिमी आणि एम-40 दिलंय. कार 60 वर आरामात चालते. भरलेला टँकर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन. त्याला फाटकाबाहेर थांबवून लांब पाइप घेता येत असेल तर 60 मध्ये भागेल.

रबर मोल्डचा चकचकीत माल बागेतल्या पायवाटेला छान. गाडीच्या वाटेवर नको. ओला झाला की दुचाकीचं चाक ब्रेक मारताना सरकतं. शिवाय त्यात पाणी जास्त घालून ओततात, त्यामुळे एका लॉटचा माल चांगला आणि दुसऱ्याचा कच्चा असंही निघतं. प्रेसचाच घ्या.

भूमिपुत्र :

60-80 वर एवढी चर्चा कशाला? काळी माती काढली नाही तर 100 मिमीचे टाकले तरी दुसऱ्या पावसाळ्यात चाकोऱ्या पडतील. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं सगळं तिच्याबरोबर खालीवर होतं. आमच्या सोसायटीत हाच प्रकार झाला. ठेकेदाराने मातीवर कच (खडीचा बारीक चुरा) पसरली, वर ब्लॉक ठेवले, बिल घेतलं. पार्किंगमध्ये आता दोन नाल्या आहेत, गाडी आपोआप रुळावर येते.

एक फूट खोदा. मुरूम लागला तर नशीब. नाही लागला तर तळ ओला करून धुम्मस मारा (ठोकून घट्ट करा) आणि 8 इंच भराव घ्या. खालचे 4 इंच मुरूम, वरचे 4 इंच खडी आणि कच मिसळून. प्रत्येक 4 इंचाला पाणी मारून वेगळी दबाई. दोन्ही थर एकदम टाकून वरून मशीन फिरवलं तर खालचा पोकळच राहतो. दबाई झाल्यावर 8 इंच हवेत म्हणजे सैल माल सव्वापट धरा, जवळजवळ 3 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ट्रॉली आली की टेप लावून मोजा. ‘एक ब्रास आहे साहेब’ म्हणतात ती पाऊण निघते.

वाटेखालून आडवा 4 इंची पीव्हीसी पाइप आताच टाकून ठेवा. उद्या वायर, नळ, पाइप गॅस, काहीही निघतं.

एक वाचक :

आम्ही खाली 4 इंच पीसीसी केली आणि ब्लॉक सिमेंट-वाळूत बसवले. पाच वर्षं झाली, हललेले नाहीत. उगीच घाबरवू नका लोकांना.

भूमिपुत्र :

ताई, तुमचं टिकलं, आनंद आहे. पण पीसीसी केली की पाणी सांध्यातून खाली उतरतं आणि तिथेच अडकतं. वाळू सतत ओली राहते, मग वाहून जाते. करायचीच तर पाणी निघायला भोकं ठेवावी लागतात. आणि पीसीसीचा खर्च करणारच असाल तर वर ब्लॉक कशाला, सरळ ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) करा. ब्लॉकची गंमतच ही की उद्या पाइप फुटला तर चार उचलायचे, दुरुस्ती करायची, तेच परत ठेवायचे. सिमेंटमध्ये बसवले की ते गेलं.

टूलरूमवाला :

सगळ्यांचे आभार. टाकी घराच्या मागे आहे, टँकरवाल्याचा पाइप बाहेरून पुरत नाही. म्हणजे 80 ठरलं. आबांना सांगितलं, टँकरखाली शहाबादी फुटेल. ‘आमच्या वेळी टँकर नव्हते’ असं म्हणाले.

उताराचं कोणी सांगेल का?

पाथर्डी फाटा :

भाऊ, लांबीत उतार काढायच्या फंदात पडू नका. 50 ला 1 धरला तर 32 फुटात साडेसात इंच लागतात, वर रस्ता 4 इंच चढा. पोर्च उचलावा लागेल. रुंदीत काढा. 11 फुटाला अडीच इंच पुरे. घराची बाजू उंच, कंपाउंडची खाली, कंपाउंडलगत उथळ नाली आणि ती बागेकडे. फाटकाशी रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून आडवी चारी करून जाळी टाका, तिचं पाणीही त्याच नालीत सोडा. शोषखड्डा काढणार असाल तर मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीत पाणी जिरत नाही, नुसतं डबकं होतं. आणि उतार भरावातच काढायचा. वाळू कमी-जास्त करून काढला तर जिथे वाळू जाड तिथे बसणार.

कडेचा बांध आधी बांधा. दोन्ही बाजूंना काँक्रीटची किनार नसेल तर चाकाच्या दाबाने ओळी बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि मग सगळंच सैल. लोक पैसे वाचवायला हेच सोडतात.

वाळूच्या थराची एक युक्ती. 1 इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 33 मिमी असतो. असे दोन पाइप समांतर ठेवा, मध्ये धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) टाका, वरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढा. टूलरूमवाल्याला आवडेल असं काम आहे. पाइप काढले की खाचा भरा आणि त्यावर पाय देऊ नका, बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरका. तिथे कच वापरू नका, बारीक भुकटी पाणी धरून ठेवते. मशीन फिरवल्यावर ब्लॉक थोडे बसतात, म्हणून आधी 5-7 मिमी वर ठेवा.

विटेचा आकार घेतलात तर हेरिंगबोन बसवा, म्हणजे एक आडवा, एक उभा. सरळ ओळी गाडीच्या दिशेने ठेवल्या तर ब्रेकने सरकतात. सांधे 2 ते 4 मिमी. कोरड्या दिवशी कोरडी बारीक वाळू झाडूने भरा, मशीन, परत वाळू. त्यात सिमेंट मिसळू नका.

सिडकोकर :

आणि ऑर्डर देण्याआधी प्रत्येकाकडून दोन-दोन नमुने आणा. एक फोडून आत बघा, रंगाचा थर नुसता पावडरीसारखा आहे का. दुसरा चार दिवस गच्चीवर उन्हात वाळवा, वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. पाणी 6 टक्क्यांच्या आत प्यायला हवा. घरची चाचणी आहे, प्रयोगशाळेची नव्हे, पण कच्चा माल लगेच कळतो. माल किती दिवसांचा आहे तेही विचारा. 28 दिवस न झालेला घेऊ नका, उतरवतानाच कोपरे उडतात.

टूलरूमवाला :

अपडेट. चकचकीत बाद केला. दोन्ही प्रेसवाल्यांचे 60 मिमीचेच नमुने मिळाले, 80 चा माल ऑर्डरनंतर काढतात. वजनकाटा स्वयंपाकघरातला, परवानगीने घेतलेला.

करडा : कोरडा 2740 ग्रॅम, भिजल्यावर 2860. म्हणजे 4.4 टक्के.
तांबडा : कोरडा 2610, भिजल्यावर 2830. म्हणजे 8.4 टक्के.

तांबडा फोडला तर आत रंग नखाएवढा, आणि बोटाने चोळल्यावर कण सुटतात. बायकोला काट्यावरचा आकडा दाखवला. ती म्हणाली, मग करड्यातच तांबड्या रंगाची किनार करा, पण तांबडा त्या करड्यावाल्याकडूनच घ्या. हे मला सुचलं नव्हतं. विचारलं, तो देतो म्हणाला, 80 मध्येच. त्याचाही नमुना भिजवणार आहे, आणि 80 चा करडा आला की त्यातला एकही.

पूर्ण मालाचं वजन काढलं, 6 टनांच्या वर जातंय. तो सगळा फाटकाबाहेर उतरवून घ्यावा लागणार आणि हाताने आत आणावा लागणार. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

खोदाईला दोन बिगारी लावतोय, एवढी हौस नाही. आता एकच राहिलं. प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट प्लेटच्या कंपनाने दाबणारं मशीन) पंचवटी किंवा पेठ रोडच्या बाजूला दिवसाच्या भाड्याने कुठे मिळतो? सेंटरिंगचं सामान देणाऱ्या दोघांकडे विचारलं, दोघांकडेही फक्त उड्या मारणारा रॅमर आहे. तो भरावाला चालेल, पण ब्लॉकवर फिरवला तर कडा फुटतील असं वाटतं. प्लेटखाली लावायला रबरी मॅट कोणाकडे असेल तर तीही हवी आहे. दोन रविवारांसाठी.