आवाज आला की चारही शॉकअप बदला? आधी आवाज शोधा

चौदाचा पाना:
परवा इथे एकानं २००८ च्या स्विफ्टबद्दल विचारलं. विजापूर रोडला बारीक खड्ड्यांवर डाव्या पुढच्या चाकाकडून खट-खट येतंय. त्यावर उत्तर आलं, "गाडी जुनी झाली, चारही शॉकअप टाका, पाच वर्षं बघायला नको." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हा सल्ला चुकीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

शॉकअप गेला की गाडी झुलते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर दोन-तीनदा वर-खाली होते, टायर ठिकठिकाणी चाटल्यासारखा झिजतो. खट-खट वाजतेच असं नाही. २०-३० च्या वेगाला बारीक खडबडीवर वाजणारी खट-खट बहुतेक वेळा लिंक रॉडची, म्हणजे स्टॅबिलायझर बारला चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याची असते. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडा, स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा आडवा दांडा) कुठे घासणार नाही असा तारेनं बांधा आणि त्याच गल्लीतून हळू एक फेरी मारा. आवाज थांबला तर चोर सापडला. तशा अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, हायवेला नेऊ नका.

एक चाक जॅकवर घेऊन लिंक रॉड हलवून बघणारे इथेच फसतात. एक चाक लोंबलं की बार पिळला जातो, जॉइंट ताणात बसतो आणि ढिलाई लपते. दोन्ही चाकं जमिनीवर हवीत. चाक पूर्ण वळवून हात आत घाला, लिंकच्या बॉलवर दोन बोटं ठेवा आणि दुसऱ्याला मडगार्ड दाबून गाडी हलवायला सांगा. जॉइंट गेला असेल तर बोटांना टिचकी लागते. कानापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

होटगी रोड:
ते उत्तर माझंच होतं, आणि मी अजूनही त्यावर ठाम आहे. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत एकच भाग गेलाय असं कधी होतं का? आज लिंक रॉड, महिन्यानं माउंट (शॉकअपची वरची रबरी बैठक), दिवाळीला शॉकअप. दर वेळी मजुरी, आणि स्ट्रट (शॉकअप-स्प्रिंगची जोडणी) उतरवला की चाकांचं अलाइनमेंट. एकदाच सगळं उतरवलं तर खर्च कमी पडतो. हे गणित तुम्ही सोयीनं विसरलात.

चौदाचा पाना:
मजुरीचं गणित बरोबर आहे, तेवढं मान्य. पण "चार शॉकअप" म्हणजे सगळं नव्हे. नवा शॉकअप आणि वर जुनंच माउंट, जुनं बेअरिंग, भुगा झालेला बम्प स्टॉप (मोठा धक्का झेलणारा ठोकळा), डस्ट कव्हर गायब. गॅरेजमधून गाड्या अशाच बाहेर पडतात. मग मोठ्या स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज येतो आणि नव्या शॉकअपला शिव्या बसतात. वरचा नट हवेच्या गननं आवळला की शॉकअपचा रॉडच फिरतो आणि नट ढिला राहतो. रॉड एलन कीनं धरून नट हातानं आवळायचा. बदलायचेच असतील तर पुढची जोडी बदला, मागचे चांगले असतील तर त्यांना हात कशाला?

जुळे सोलापूर:
दोघांनी ब्रेक विसरलाय. आवाज येत असताना ब्रेकवर पाय हलका टेकवा. थांबला तर कॅलिपरच्या पिना किंवा पॅड खुळखुळतायत. पूर्ण वळणावर रेस दिल्यावर कट-कट आली तर एक्सलचा जॉइंट, आधी त्याचा रबरी बूट फाटलाय का बघा. आणि डिकीतला जॅक, स्टेपनी काढून एक फेरी मारा. बाकी, वॉशिंगला खालून ऑइल मारून घ्या, सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुशचे आवाज तिथेच बंद होतात.

चौदाचा पाना:
मालक, ऑइलचा सल्ला मागे घ्या. बुश रबराचे असतात. खनिज तेल आणि डिझेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि मधल्या लोखंडी नळीपासून सुटतं. आवाज आठवडाभर बंद होतो आणि बुश कायमचा जातो.

जुळे सोलापूर:
आणि पत्र्याला गंज चढला तर? इतकी वर्षं सगळे वॉशिंगवाले मारतात, ते सगळे अडाणी का?

सात रस्ता:
सोलापूर म्हणजे रत्नागिरी नव्हे. इथली हवा कोरडी, गंजापेक्षा धूळ जास्त. तेलावर ती धूळ बसली की बूट आणि सीलवर पॉलिशपेपरसारखी घासते. गंजाची भीती असेल तर नुसत्या पत्र्याला अँटीरस्ट कोट द्या, रबर झाकून. बुश कुईं-कुईं करतोय का हे बघायला साधं पाणी पुरतं. एकेका बुशवर पाणी मारा आणि गाडी दाबा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो बुश. तात्पुरता सिलिकॉन स्प्रे चालतो.

जुळे सोलापूर:
बरं, बुशवर नको. पत्र्यावर मी मारणारच.

अक्कलकोट नाका:
मूळ दुखणं स्पीडब्रेकर आहेत. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापानं गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, २५ च्या वेगानं आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीत हातभर रुंदीचे उंचवटे घालून ठेवलेत. कुठलं सस्पेन्शन टिकेल?

सात रस्ता:
उंचवट्यानं बुश जातो हे खरं. पण नवा बुश सहा महिन्यांत फाटतो तो फिटिंगमुळे. लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोखंडी हात) बसवताना चाक लोंबत ठेवून बुशचा बोल्ट आवळतात. रबर त्या स्थितीत जखडलं जातं, आणि गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेलंच राहतं. बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग पूर्ण आवळा. ब्रेक मारताना आणि रिव्हर्स घेताना 'धड्' येत असेल तर याच आर्मचा मागचा बुश टॉमी (लोखंडी पहार) घालून, हलवून बघा.

होटगी रोड:
लोंबत्या चाकावर आवळण्याचं मला पटलं, माझ्याही उत्तरात ते यायला हवं होतं. लिंक रॉड आधी बघा, हेही ठीक. पण शॉकअपमधून तेल थेंब-थेंब गळत असेल तर चाचण्यांत दिवस घालवू नका.

चौदाचा पाना:
गळत असेल तर बदला, त्यात वाद नाही. नुसता तेलाचा ओलसर थर असेल तर पुसा आणि आठवड्यानं परत बघा.

स्विफ्टवाल्यांनी आता एवढं सांगा: गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं की 'टण्ण' येतं का? येत असेल तर स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवा, वेटोळ्यांत बोट घालू नका, आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून एकदम उसळली तर वरच्या माउंटचं बेअरिंग गेलंय. मग स्ट्रट उतरवावाच लागेल.