कालप्रवासाची श्रुतिका: 1967 चा कौल उलटा लागला असता तर? लेखन आणि रेकॉर्डिंगबद्दल सल्ला हवा

मांडवीकाठ

सहा भागांची विज्ञान श्रुतिका लिहायला घेतली आहे, प्रत्येक भाग साधारण वीस मिनिटांचा. गोष्ट पणजीतली. आजच्या काळातली एक मुलगी 1967 च्या जानेवारीत जाते, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या 16 तारखेच्या जनमत कौलात ढवळाढवळ करते आणि परत येते, तर गोवा हा महाराष्ट्राचा एक जिल्हा झालेला असतो. विलीनीकरण चांगलं की वाईट यावर निकाल द्यायचा नाही. गोष्ट तिच्या घराची आहे, पण इतिहास पक्का हवा.

अडचणी तीन. पहिली, कौल उलटवायला ती नेमकं काय करेल? सध्याच्या खर्ड्यात ती एक प्रचारसभा उधळून लावते, पण ते पटत नाही. दुसरी, निवेदक नको आहे. मग आपण कुठल्या सालात आणि कुठल्या इतिहासात आहोत हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? तिसरी, रेकॉर्डिंग घरीच आणि तेही जून-जुलैत. दोन कंडेन्सर माइक, ते लॅपटॉपला जोडणारा एक इंटरफेस आणि लॅपटॉप आहे.

तिसऱ्या भागात, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं त्या 18 डिसेंबर 1961 च्या दुपारचा एक प्रसंग आहे. मुलीचे आजोबा घरात रेडिओवर पोर्तुगीज बातम्या ऐकत बसलेले असतात. त्यात काही खटकत असेल तर तेही सांगा.

कुळागर

सभा उधळून कौल फिरत नाही. विलीनीकरणाच्या बाजूने, म्हणजे फूल या चिन्हाला, 1,38,170 मतं पडली आणि विरोधात, म्हणजे दोन पानांना, 1,72,191. फरक 34,021 चा. निकाल फिरवायचा तर किमान 17,011 जणांनी पानं सोडून फुलाला मत द्यायला हवं. मतदार होते 3,88,432 आणि मतदान झालं 3,17,633. घरी राहिलेले सत्तर हजार बाहेर काढायचे म्हटलं, तरी त्यातले निम्मे एकगठ्ठा फुलाकडे न्यावे लागतील, आणि ते एका मुलीच्या हातचं काम नाही. गोव्यातल्या श्रोत्याला हे आकडे तोंडपाठ नसतील, पण अंदाज नक्की असतो.

म्हणून मतांच्या मागे लागू नका, त्याच्या आधीचा निर्णय बदला. 1963 च्या निवडणुकीनंतर सरकार महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं होतं आणि विलीनीकरण हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दिल्लीने विधानसभेच्या ठरावावर निर्णय देऊन टाकला असता तर कौल घ्यायची वेळच आली नसती. लोकांना थेट विचारा, हा आग्रह युनायटेड गोवन्स या विरोधी पक्षाचा आणि त्याचे नेते जॅक सिक्वेरा यांचा. कौलाचा कायदा संसदेत झाला 1966 च्या अखेरीस. म्हणजे तुमची नायिका जानेवारी 1967 ला पोचते तेव्हा फाटा मागे राहून गेलेला असतो. तिला 1966 मध्येच उतरवा आणि दिल्लीला जाणाऱ्या एखाद्या टिपणाजवळ न्या. ते टिपण वेळेत पोचत नाही, किंवा त्यातला एक परिच्छेद गळतो, एवढं पुरे.

नाटक म्हणूनही हे सोयीचं. सभेला शेकडो माणसांचा गलका लागतो, तो पाच-सहा आवाज एकावर एक चढवून केला की उघडा पडतो. एक खोली, तीन माणसं, टाइपरायटर आणि छताचा पंखा हे तुमच्या आवाक्यातलं आहे आणि कानालाही खरं वाटतं.

जानेवारी 1967 चा एखादा प्रसंग ठेवलात तर त्यात कुणालाही 'मुख्यमंत्री म्हणाले' असं बोलायला लावू नका. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 1966 मध्येच राजीनामा दिला होता.

पर्यायी गोव्यात काय बदलेल याची यादी लांबवत बसू नका. 30 मे 1987 चा घटक राज्याचा दिवस नाही. 1980 ला स्थापन झालेलं कदंब महामंडळ नाही, बस एसटीची. पणजीत विधानसभा नाही, जिल्हाधिकारी आहे. दमण आणि दीवचा प्रश्न त्याच कौलात गुजरातशी जोडलेला होता, तेव्हा नकाशा तिथेही बदलेल, पण तुमच्या कथेला त्याची गरज दिसत नाही. कोकणीचं काय झालं असतं, हा मात्र गोष्टीचा गाभा होऊ शकतो. आपल्याकडे ती 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. दुसऱ्या इतिहासात ती घरात तशीच बोलली जाईल, फक्त शाळेत आणि कचेरीत कुठे थांबते ते दाखवा. आजी कोकणीतून विचारते आणि नात मराठीतून उत्तर देते, एवढ्या एका संवादात दोन्ही इतिहासांतला फरक कळतो.

ध्वनिपट्टी

दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीबद्दल.

सहाही भागांत एकच जागा धरा. माझं मत पणजीच्या फेरी धक्क्याला. 1967 मध्ये मांडवीवर पूल नव्हता, पलीकडच्या बेतीला जायला फेरी नाहीतर गॅसोलिन, म्हणजे इंजिनाची लहान प्रवासी होडी. पहिला पूल त्यानंतर झाला, तो 5 जुलै 1986 ला कोसळला आणि माणसं पुन्हा फेरीवर आली. आज डोक्यावर तीन पूल आहेत, त्यातला अटल सेतू 2019 चा. नदी तीच, वरचा आवाज दर पिढीला वेगळा. श्रुतिकेला याहून चांगली जागा मिळणार नाही.

या जागेचा आवाज तीन वेगवेगळ्या ट्रॅकवर बांधा. पहिल्यावर पाणी, म्हणजे धक्क्याच्या दगडावर आपटणाऱ्या लाटा. हा ट्रॅक सगळ्या काळांत एकच ठेवा, फाइलसुद्धा तीच. दुसऱ्यावर यंत्र: 1966-67 ला गॅसोलिनचं फट्-फट् इंजिन, आज पुलावरची गाड्यांची घरघर आणि कसिनोच्या बोटीवरचं संगीत. तिसऱ्यावर माणसाचा आवाज, म्हणजे तिकिटवाला, बसचा कंडक्टर, बसस्थानकाची घोषणा. यंत्र साल सांगतं, माणूस इतिहास सांगतो. पर्यायी आजमध्येही पूल असणारच, म्हणून यंत्राचा ट्रॅक खऱ्या आजचाच ठेवा आणि फक्त कंडक्टर बदला. ऐकणाऱ्याला आधी सगळं ओळखीचं वाटेल आणि मग एका हाळीने पायाखालची जमीन सरकेल. तिथे संवादात कुणी 'अरे, ही तर एसटी!' म्हणालं की सगळं मातीमोल.

प्रसंग सुरू होताना चार-पाच सेकंद नुसता परिसर ऐकू द्या. पहिलं वाक्य आलं की तो 6 ते 8 डेसिबलने खाली घ्या. पुढे संवादापेक्षा साधारण 18 ते 20 डेसिबल खाली राहिला तर बोलणं स्वच्छ कळतं आणि जागाही टिकते.

एक इतिहास डाव्या कानात आणि दुसरा उजव्या, असं करण्याचा मोह आवरा. बरेच लोक फोनच्या स्पीकरवर किंवा एकच इअरफोन लावून बसमध्ये ऐकतात, तिथे डावं-उजवं उरतच नाही. तीच गत घुमणाऱ्या खर्जाची. फोनचा स्पीकर 250 हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही, त्यामुळे कालयंत्राचा गडगडाट तिथे ऐकूच येणार नाही. प्रत्येक भाग मोनो करून फोनवर ऐकल्याशिवाय पक्का करू नका.

कालप्रवासाला 'सूंऽऽ' करणारा इफेक्ट लावू नका, तो शंभर ठिकाणी ऐकलेला आहे. परिसर एकदम तोडा, सव्वा सेकंद फक्त खोलीची शांतता ठेवा आणि पुढच्या काळात आधी पाणी, मग यंत्र, मग माणूस असं आत आणा. शांतता म्हणजे संपूर्ण शून्य मात्र नको, ॲप बंद पडलं असं वाटून लोक फोन बघतात. म्हणून प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा.

पावसाचं म्हणाल तर कौलांवरचा किंवा पत्र्यावरचा पाऊस नंतर काढता येत नाही. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की पावसाबरोबर 'स', 'श' आणि 'ख' पण खाल्ले जातात. स्लॅब असलेल्या घरातली आतली खोली घ्या, भिंतींना गाद्या टेकवा, पंखा आणि फ्रिज बंद. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळा, 50 हर्ट्झची गुणगुण आणि तिची पटीतली भावंडं ट्रॅकवर येतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. जुलैत कंडेन्सर माइकची खरी शत्रू दमट हवा. कॅप्सूलवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावर, ओल बसली की मध्येच तडतड ऐकू येते आणि माणसं केबल बदलत बसतात. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, आणि सुरू करण्याआधी अर्धा तास खोलीत उघडा. हाताशी एखादा डायनॅमिक माइक असू द्या, त्याला ओलीचा त्रास फार कमी.

तोंड माइकपासून 15 ते 20 सेंटिमीटर, माइक थोडा तिरका. 'फ', 'भ', 'ध' चे फटके पॉप फिल्टर लावूनही येतात, ते असे टळतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास. 80 हर्ट्झच्या खालचं कापा. शेवटची फाइल स्टिरिओ असेल तर उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या एकूण मोठेपणाचं माप), मोनो असेल तर उणे 19, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं टोक, उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

वीस मिनिटांना संवादांचे 2,200 ते 2,400 शब्द पुष्कळ झाले. त्याहून जास्त लिहिलेत की परिसराला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि मग निवेदक हवासा वाटायला लागतो.

मांडवीकाठ

1966 चं टिपण घेतो, सभा काढून टाकली. आता पाचव्या भागातला पेच. तिथे ती दाराआड उभी राहून दुसऱ्या भागातलं स्वतःचंच बोलणं ऐकते. तो संवाद नव्याने रेकॉर्ड करायचा की जुनाच वापरायचा?

शून्यप्रहर

आधी तुमच्या जगाचा नियम ठरवा, उत्तर त्यातच आहे. भूतकाळ एकच आणि तो बदलत नाही, जे घडलं त्यात प्रवाशाचा हातही आधीपासून होता, हा एक नियम. भौतिकशास्त्रात नोविकोव यांचं स्वयंसंगतीचं तत्त्व याच अंगाने जातं. दुसऱ्यात फाटे फुटतात, जुनी फांदी तशीच राहते आणि प्रवासी नव्या फांदीवर पोचतो. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेट यांच्या 1957 च्या अनेक जगांच्या मांडणीवरून कथाकारांनी हे उचललं. तिसऱ्यात इतिहास पुसून त्यावर नवा लिहिला जातो. तुम्हाला गोव्याचा इतिहास बदलायचा आहे, म्हणजे पहिला नियम बाद. पण दाराआडून स्वतःला ऐकणं हे पहिल्या नियमाचं दृश्य आहे. दोन्ही एकत्र आले की जाणता श्रोता पाचव्या भागात तुम्हाला सोडून जाईल.

वाट अशी: दाराआडचा प्रसंग फाटा फुटण्याच्या आधीचा ठेवा. म्हणजे ती टिपणाला हात लावण्यापूर्वीच्या क्षणात परत येते. तिथवर दोन्ही फांद्यांचा भूतकाळ एकच आहे, तेव्हा संवाद शब्दशः तोच हवा आणि टेक, म्हणजे त्याचं रेकॉर्डिंगही, तोच हवा. नव्याने बोलून घेतलात तर लय बदलते, आणि श्रोत्याला तो बदल म्हणजे नवा इतिहास वाटतो. याच कारणाने, खरोखर नवी फांदी दाखवायची असेल तेव्हा संवाद नव्याने रेकॉर्ड करा आणि त्यातला निदान एक शब्द बदला.

तुमच्याकडे माइक दोन आहेत, हे इथे कामाला येतं. दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग होत असतानाच दुसरा माइक शेजारच्या खोलीत, अर्धवट लोटलेल्या दाराआड दोनेक मीटरवर ठेवा आणि दोन्ही ट्रॅक एकदम घ्या. दुसऱ्या भागात फक्त जवळचा ट्रॅक वापरा, पाचव्यात फक्त दाराआडचा, आणि त्याच्यावर नायिकेचा श्वास अगदी जवळून. एकाच इंटरफेसवर घेतलंत तर ट्रॅक आपोआप जुळतात. दोन वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलंत तर ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात, म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी टाळी वाजवा आणि प्रसंगागणिक जुळवा. दाराआडचा ट्रॅक घ्यायचा राहिलाच, तर जवळच्याचं दोन किलोहर्ट्झच्या वरचं उतरवून थोडा लहान खोलीचा घुमारा द्या. चालतं, पण खऱ्या दाराची सर येत नाही.

आणि दुसऱ्या भागात बोलण्याच्या मध्ये दाराची बिजागरी एकदाच करकरू द्या. कुणी तिच्याबद्दल बोलायचं नाही. पाचव्यात ती का करकरली ते कळेल. हा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि संवादातल्या कुठल्या अक्षरावर पडतो ते संहितेत लिहून ठेवा, नाहीतर पाचव्या भागाच्या वेळी तो शोधत बसाल.

कुळागर

1961 च्या प्रसंगाचं राहिलं होतं. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी 18 डिसेंबरला सकाळीच हल्ला केला. त्या दुपारी आजोबांच्या रेडिओवर पोर्तुगीज बातम्या नेहमीसारख्या ठणठणीत चालू ठेवल्यात तर तुमचं साल चुकलं असंच वाटेल. त्याऐवजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' घ्या. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून हे गुप्त केंद्र गोव्याच्या सीमेबाहेरून चालवलं, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकहून. प्रसारण कोकणी आणि पोर्तुगीज दोन्हींत होत असे, त्यामुळे तुमचा पोर्तुगीज संवादही वाया जात नाही. हे ऐकणं जोखमीचं होतं, म्हणून आजोबा आवाज बारीक ठेवतील आणि खिडकी लावून घेतील. खिडकी शिंपल्यांच्या तावदानांची, तिला काचेचा खणखणाट नाही, लाकडाचा कोरडा ठोका आहे.

मागे बेडूक आणि कोकीळ नकोत. डिसेंबर आहे. रातकिडेही संध्याकाळनंतरच.

ध्वनिपट्टी

त्या प्रक्षेपणाचा आवाज आधी कोरडा रेकॉर्ड करा, निवेदिकेला माइकपासून हातभर लांब बसवून, सावकाश आणि स्पष्ट. मग 300 ते 3,000 हर्ट्झच्या बाहेरचं कापा, थोडं डिस्टॉर्शन द्या, खाली सततची खरखर ठेवा आणि आवाजाची पातळी दर तीन-चार सेकंदांनी अनियमितपणे 4 ते 6 डेसिबल खाली-वर करा. खरखर मात्र त्याबरोबर खाली जाऊ देऊ नका. आवाज विरतो तेव्हा ती उलट वर आल्यासारखी वाटायला हवी, नाहीतर कुणी नुसतं व्हॉल्यूमचं बटण फिरवतंय असं ऐकू येतं. जमल्यास हा तयार ट्रॅक एका लहान स्पीकरवर वाजवून आजोबांच्या खोलीतच परत रेकॉर्ड करा, म्हणजे रेडिओ आणि आजोबा एकाच भिंतींमध्ये येतील. मूळ कोरडी फाइल जपून ठेवा. सहाव्या भागात मुलगी प्रत्यक्ष त्या केंद्रात पोचणार असेल, तर तोच टेक तिथे फिल्टर न लावता हवा.