चांगली सायकल रविवारसाठी राखून ठेवायची की रोज चालवायची? या प्रश्नावर सहा जण टोपणनावांनी आपापलं मत मांडताहेत.

चढउतार:
पुण्या-ठाण्यात सायकलवेड्या घरांत आता दोन सायकली असतात. एक जिन्याखाली, भाजी-दूध-ऑफिससाठी. दुसरी खोलीत भिंतीला टांगलेली, वर चादर. ती रविवारी पहाटे सिंहगडाला किंवा लोणावळ्याला जाते, आणि पावसाळ्याचे चार महिने तेही नाही. ही राखून ठेवण्याची रीत सायकलीच्याच हिताची नाही, असं माझं ठाम मत आहे.

उभी सायकल शाबूत राहते हा गैरसमज आहे. रोडबाईकच्या, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालवायच्या सायकलीच्या, अरुंद ट्यूबमधली हवा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. सायकल जमिनीवर उभी असेल तर टायर एकाच जागी दुमडून रिमच्या कडेवर बसतो आणि काही महिन्यांनी तिथेच बाजूला चिरा दिसू लागतात. ट्यूबलेस असेल तर आणखी वाईट. आत घातलेलं ३० ते ६० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) मार्च ते मेच्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक फिरलंच नाही तर ते तळाशी साचून त्याचा रबरी गोळा होतो. मग वर्षभर पंक्चरची काळजी नाही म्हणून निघालेल्या माणसाच्या टायरमधून पहिल्याच काट्याला हवा जाते, कारण भोक बुजवायला आत ओलं काही उरलेलंच नसतं.

दुसरा मुद्दा भरवशाचा. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) साडेतेरा तास मिळतात. वेळ पुरेसा आहे, पण गिअरची केबल शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या) आत तुटली तर नाही. ही केबल एकाएकी तुटत नाही. आधी तिचा एकेक धागा सुटतो, एक-दोन गिअर आळसावतात, बटण जड लागतं. रोज चालवणाऱ्याला हा फरक बुधवारी कळतो आणि गुरुवारी तो केबल बदलतो. रविवारच्या सायकलस्वाराला तो रस्त्यात कळतो.

तेलपाणी:
केबलचं उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. रोज चालवली की काय होतं त्याचा हिशोब मांडा.

ऑफिस ८ किलोमीटरवर धरू. रोजचे १६, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ४००० किलोमीटर. तेही धूळ, सिग्नल, सिमेंटमिक्सरमागची रेती आणि पावसाचं पाणी यांतून. ११ स्पीडची (मागे ११ दातचक्रं असलेल्या सायकलीची) चेन नीट पुसून-तेल घालून शहरात साधारण ३ ते ४ हजार किलोमीटर टिकते. पावसात रोज चालली तर त्याच्याही आधी जाते. चेन 'लांबते' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्या ज्या भोकांत फिरतात ती घरं झिजतात. तेल आणि बारीक रेती मिसळली की पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होतो आणि प्रत्येक कडी वळताना तो आत घासत राहतो.

मोजायला साधी इंचपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ इंचांवर नेमकी पिन यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर अर्धा टक्का झीज झाली, ११ आणि १२ स्पीडला तिथेच चेन काढायची. १/८ इंचापर्यंत ओढत नेली की कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातचक्रांच्या संचाचे) दातही त्याच मापाने झिजलेले असतात. मग नवी चेन टाकली तर जोर लावताच दातावरून उडी मारते, आणि ती उडी चढावर उभं राहून पायडल मारतानाच बसते. तोंडावर पडायला तेवढं पुरतं.

रिम ब्रेक असतील तर रिमचीही तीच गत. पावसात ब्रेकच्या रबरात खडीचे कण आणि ॲल्युमिनियमच्या कपच्या रुततात, खर्र् असा आवाज येतो, आणि प्रत्येक ब्रेकला रिमची भिंत पातळ होत जाते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं की चाक बाद.

शिवाय चांगली सायकल दिवसभर उभी कुठे करणार? पार्किंगमध्ये कुणीतरी शेजारची स्कूटर काढताना ती उजव्या अंगावर पडते आणि मागचा डिरेलर (चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) ज्या पातळ पट्टीवर लटकतो तो हँगर आत वाकतो. वरून खरचटाही दिसत नाही. संध्याकाळी चढावर सगळ्यांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत जातो. डिरेलर, हँगर, पाच-सहा आरे, सगळं एका क्षणात. रोजच्या गर्दीत ४५ हजारांची सायकल उभी करणं हा सायकलीवरच अन्याय आहे.

चढउतार:
हँगर वाकला की नाही हे निघण्याआधी मागे उभं राहून बघता येतं. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या दातांच्या रेषेत उभी दिसली पाहिजेत. सुटा हँगर बॅगेत ठेवावा, तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो म्हणून दुकानात आयत्या वेळी मिळत नाही. पार्किंगची भीती मात्र मान्य आहे. भीतीला उत्तर दोन कुलपं: यू लॉक फ्रेम आणि मागच्या चाकातून, केबल पुढच्या चाकातून, आणि क्विक रिलीजच्या (चाक धरणाऱ्या, हाताने उघडणाऱ्या दांडीच्या) जागी ॲलन कीनेच उघडणारे स्क्युअर.

आणि चेन ही झिजण्यासाठीच असते. ती बदलणं म्हणजे सायकल खराब होणं नव्हे. चेन वेळेवर बदलत गेलं तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात.

छर्रे:
दोघंही झिजेबद्दल बोलताय. मेकॅनिकच्या स्टँडवर सायकल चढते तेव्हा सर्वांत वाईट अवस्था झिजलेल्यांची नसते, अडकलेल्यांची असते.

स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीट धरणारा दांडा), त्यावर घाम आणि पावसाचं पाणी. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पोस्ट नळीत पाचरीसारखा बसतो. पुढे तो कापून काढायची वेळ येते. जुन्या पद्धतीच्या क्विल स्टेमचंही (फ्रेमच्या नळीत उतरणाऱ्या हँडलच्या दांड्याचंही) तेच. हे रोजच्या सायकलीत होतं आणि राखीव सायकलीत जास्त होतं, कारण सीटची उंची एकदा जुळली की तिला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

उपाय दहा मिनिटांचा. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा पोस्टवर उंचीची चिकटपट्टी लावा, पोस्ट बाहेर काढा, नळी आणि पोस्ट पुसा, धातूला धातू असेल तर ग्रीसचा पातळ थर द्या. कार्बन असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट, आणि बोल्टवर लिहिलेल्या न्यूटन मीटरइतकाच टॉर्क (आवळायचा जोर). पोस्ट निघालाच आहे तर सायकल उलटी करून बघा, सीटच्या नळीतून पाणी पडतं का. पावसात पाणी तिथून उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये (पायडलचा आस फिरतो त्या कवचात) साचतं. त्या कवचाच्या तळाला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना, एवढं बघायचं.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट. काही डिस्क ब्रेकमधलं डॉट ५.१ तेल हवेतली वाफ शोषतं, सायकल चाललेली असो वा नसो. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २६०° सेल्सिअस असतो, ओलं झाल्यावर १८०°पर्यंत उतरू शकतो. म्हणून भिंतीला टांगलेल्या सायकलीचंही तेल एक-दोन वर्षांत बदलायचंच. मिनरल तेलाला ही खोड नाही. पण एका जातीच्या ब्रेकमध्ये दुसरं तेल कधीही घालू नका, आतली रबरं फुगतात.

दर्यावर्दी:
कोकण आणि गोव्यात ही चर्चा निराळी होते. मालवण, रत्नागिरी, पणजी, कुठेही समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत टांगलेली सायकलसुद्धा गंजते, कारण खारट ओल हवेतूनच येते. स्टीलच्या फ्रेमला आतून मेण किंवा जवसाचं तेल फिरवून घेतलेलं बरं. प्रत्येक नळीत थोडं सोडायचं, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवायची, एक दिवस निथळू द्यायची. जांभ्याची लाल धूळ चेनच्या तेलात बसली की धुतल्याशिवाय निघत नाही. इथे राखीव सायकल हा चोचला परवडत नाही. आठवड्यात दोनदा चालते तीच सायकल दोनदा पुसली जाते, म्हणून तीच टिकते.

कालव्याकाठी:
नेदरलँड्सकडे बघितलं तर उत्तर स्पष्ट आहे: दोन सायकली, आणि दोन अगदी वेगळ्या. उत्रेख्त स्थानकाखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट. तिथे लागलेल्या सायकली बघा: चेन पूर्ण डब्यात बंद, गिअर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) पोटात, उलटं पायडल मारलं की ब्रेक, दिव्याला डायनॅमो, चाकातच कुलूप. पाऊस चेनपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. शर्यतीची सायकल घरी शेडमध्ये असते. रोजच्या वापराला लागणारी यंत्ररचना आणि वेगाला लागणारी यंत्ररचना मुळातच निराळी आहे, यात जपण्याचा प्रश्न येतच नाही.

चढउतार:
तो देश सपाट आहे. २० किलोची, एक किंवा तीन गिअरची सायकल कात्रजच्या चढावर रोज कोण नेणार? आपल्याकडे चढ आहेत म्हणून हलकी, गिअरवाली सायकल ही रोजचीच गरज आहे.

मधला गिअर:
मग रोडबाईकवर ऑफिसचं सामान कुठे बांधणार, तेही सांगा. रेसच्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलपर्यंत ४०५ ते ४१५ मिमी अंतर असतं. कॅरिअरला झोळी लावली की दर फेरीला टाच तिच्यावर आपटते. टूरिंगच्या फ्रेमला तेच अंतर ४४० ते ४६० मिमी ठेवतात ते यासाठीच. मडगार्डचंही तसंच. २८ मिमी टायर आणि वर मडगार्ड बसवायचं तर टायरवर निदान बोटभर मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल आत अडकून चाक घासतं. आणि २० किंवा २४ आऱ्यांच्या चाकावर कॅरिअरचं ओझं टाकलं की मागच्या चाकाचे उजवीकडचे आरे हबजवळच्या वळणावर एकामागून एक तुटू लागतात. एक तुटला की आउट काढून (चाकाचा वाकडेपणा सरळ करून) वेळ मारून नेता येते, पण तिसरा तुटला की सगळे बदलायचे, कारण सगळे सारखेच थकलेले असतात.

एकच सायकल ठेवायची असेल तर ती तशी निवडून घ्या: ३५ मिमी टायर मावणारी, मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं असलेली, ३२ आऱ्यांची. आणि चाकांच्या दोन जोड्या ठेवा. रोजच्या जोडीवर जाड, पंक्चररोधक पट्टीचे ३५ मिमी टायर, रविवारच्या जोडीवर २८. दोन्हींवर कॅसेट असेल तर चेनही दोन ठेवा, जिची तिला. एकच चेन दोन कॅसेटवर चालवली तर कमी चाललेल्या कॅसेटवर ती उड्या मारू लागते. डिस्क असेल तर दोन्ही जोड्यांचे रोटर (ब्रेकच्या तबकड्या) एका रेषेत यायला ०.२ मिमीच्या चकत्या लागतील.

तेलपाणी:
पहाटे पाचला चाकं, चेन, चकत्या बदलून कुणी सिंहगडाला निघत नाही. शिवाय ११-१२ स्पीडच्या काही क्विक लिंक (चेन उघडायच्या जोडकड्या) एकदाच वापरायच्या असतात, दर शनिवारी उघडायच्या नव्हेत.

त्यापेक्षा रोजची सायकल वेगळी घ्या, पण मन लावून घ्या. जुनी, स्टीलची, ७ स्पीड फ्रीव्हीलची (हबवर पेचाने बसणाऱ्या जुन्या धाटणीच्या दातचक्रांची), २६ इंची चाकांची. तिची चेन, ट्यूब, ब्रेकचे रबर कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळतात. खाचांचे टायर काढून गुळगुळीत २६ x १.७५ लावा, ५० पीएसआयच्या आसपास हवा, लांब मडगार्ड, मागे कॅरिअर. पुढे स्वस्त शॉकॲब्सॉर्बर असेल तर तो काढून साधा काटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) बसवा. वजन उतरतं आणि पायडलचा जोर वाया जात नाही. नवा काटा मात्र जुन्याच्याच उंचीचा बघून घ्या, नाहीतर सायकल पुढे झुकते. हिचे ब्रेक रविवारच्या सायकलीइतकेच चांगले हवेत, कारण बसच्या पुढे थांबायचं काम हीच करते.

चढउतार:
एवढं बोलल्यावर मी हे मान्य करतो की कॅरिअरची भोकं नसलेली रेसची फ्रेम रोजच्या कामाला ओढू नये. पण मग राखीव सायकलवाल्यांनी निदान तिला पंधरवड्याला एकदा तासभर तरी रस्त्यावर न्यावं. पावसाळ्यातही, उघडीप बघून. नुसतं भिंतीवर चाक फिरवणं म्हणजे चालवणं नव्हे.

छर्रे:
आणि चार महिने टांगलेली सायकल ऑक्टोबरमध्ये खाली काढाल तेव्हा थेट घाटात नेऊ नका. मागचं चाक उचला, पायडल उलटं फिरवा. फ्रीहबचा (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या हबमधल्या यंत्रणेचा) टकटक आवाज सलग यायला हवा. तो मधेच गायब होत असेल तर आतलं ग्रीस घट्ट होऊन पकडणारे दात आत चिकटलेत. अशा वेळी जोर लावला की पायडल रिकामंच पुढे जातं आणि माणूस हँडलवर आदळतो. फ्रीहब उघडून, रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, पातळ फ्रीहब ग्रीस लावा. जाड बेअरिंग ग्रीस तिथे भरलं तर पुन्हा हेच होईल. त्यानंतर आधी हळू ब्रेक दाबत सपाटीवर पाच किलोमीटर, आणि मगच खडकवासल्याच्या पुढे.